ओढ… थांब… दाब!

डिसेंबर-जानेवारीतल्या रविवारी सकाळी साडेसातला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून हाक येते, "अरे, कोणी आहे का मोकळं?" ती ऐकली की धडधाकट पुरुष एकदम आंघोळीला जातात. खाली काकांनी फियाटचं बॉनेट उघडलेलं असतं आणि आत बसून चोक ओढायला त्यांना माणूस हवा असतो.

हे काका एकट्या आमच्याकडेच आहेत असं नाही. जुनी गाडी आणि नवी पेन्शन जिथे जिथे एकत्र नांदतात, तिथे ते असतात. खिशाला पेनाऐवजी टेस्टर. चहाच्या कपाच्या कानाला काळं बोट उमटलेलं. गाडीच्या डिकीवर 'पद्मिनी' लिहिलंय, पण काका ते नाव घेत नाहीत. "1964 साली डिलाइट, 72 साली प्रेसिडेंट, 74 साली पद्मिनी. बारशी कितीही करा, पोरगी फियाटचीच. माहेर कुर्ला!" त्याआधीच्या गोल पाठीच्या मॉडेलला सगळे 'डुक्कर फियाट' म्हणायचे. काकाही म्हणतात, पण घरातल्या वडीलधाऱ्यांचं टोपणनाव घ्यावं तितक्याच अदबीने.

मुलाची नवी गाडी बटण दाबल्यावर सुरू होते, याची काकांना मनापासून कीव येते. "दिवा लावल्यासारखी गाडी लावायची? आणि म्हणे इंजेक्शनवर चालते. धडधाकट गाडीला इंजेक्शन कशाला लागतं?"

एकदा मी सापडलो. आत बसलो, चोक ओढला आणि सवयीने ॲक्सिलरेटर दाबला.

"पाय काढ!"

पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. मग मला सगळं समजावून सांगण्यात आलं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते आतल्या भिंतींना चिकटून बसतं. म्हणून सुरुवातीला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त द्यायचं, ते काम चोकचं. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी हवेच्या तोंडावर झाकण बसवलेलं असतं. काकांच्या सोलेक्स कार्ब्युरेटरची तऱ्हा वेगळी. तिथे पेट्रोलला एक आडवाट ठेवलेली आहे. नॉब ओढली की एक चकती फिरते आणि वाट उघडते. ही वाट चालते इंजिनाच्या खेचण्यावर, आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती खेच विरून जाते. "म्हणजे आम्ही पंगतीला पान वाढायचं, आणि तू पान ओढून घ्यायचंस!" काका म्हणाले. तेव्हापासून मी माझ्या स्वतःच्या गाडीतही पाय जरा घाबरतच ठेवतो.

पण खरं रामायण केबलचं. मूळ केबल तुटली तेव्हा काका तडक सायकलवाल्याकडे गेले. ब्रेकची केबल मागितली. त्याने विचारलं, "पुढची की मागची?" काका म्हणाले, "फियाटची." शेवटी मागची घेतली, ती लांब असते.

गोम अशी की चोकच्या केबलीत एकच कडक तार असते, कारण तिला ओढलं तर यायचं असतं आणि ढकललं तर जायचं असतं. सायकलची केबल बारीक तारांचा पीळ. ती ओढता येते, ढकलता येत नाही. ढकलली की अंग चोरते. त्यामुळे काकांचा चोक उघडायचा तो उघडाच राहायचा. गाडी काळा धूर ओकायची, प्लग तव्यासारखे काळे व्हायचे, आणि काका चालत्या इंजिनात हात घालून चोक 'दाबायचे'. उपाय म्हणून त्यांनी स्कूटरच्या ब्रेक पेडलची स्प्रिंग कार्ब्युरेटरला लावली. ती इतकी जबरदस्त निघाली की ओढलेली नॉब हातातून सुटून परत आत जायची. आता ती बाहेर थोपवून धरायची कशी? कपड्यांचा चिमटा लावून!

मूळ पद्धतीची केबल बाजारात मिळते, हे मी एकदा सुचवून पाहिलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घरच्या लोणच्याला बाटलीतलं लोणचं पर्याय म्हणून सुचवत होतो.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत 2023च्या ऑक्टोबरअखेर संपली. त्या दिवशी गाडीवर दसऱ्याचा हार अजून सुकतच होता. काकांनी तो काढला नाही, त्यावर दुसरा चढवला. चोक ओढून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं आणि शेजारी हात मागे बांधून उभे राहिले. त्या दिवशी धुराबद्दल कोणी तक्रार केली नाही.

एरवी रविवारचा कार्यक्रम ठरलेला. ओढ, थांब, आता दाब. म्हणजे चिमटा काढ. इंजिन गरम होतं, आवाज एकसुरी लागतो, काका मान कलती करून तो ऐकतात, जसं कोणी तंबोरा लागलेला ऐकावा. मग इंजिन बंद करतात आणि गाडीवर कव्हर घालतात. फियाट कुठे जात नाही. मंडईत जायला काका रिक्षा करतात. "गाडी काढायची म्हणजे परत लावायला जागा मिळत नाही," हे त्यांचं कारण, आणि ते खोटं नाही.

काकू यात पडत नाहीत. त्यांनी फक्त आपले चिमटे मोजून डब्यात ठेवायला सुरुवात केली आहे. आमची दोरी तळमजल्यावर, पार्किंगला लागून. तिच्यावर बारा चिमटे होते, आता अकरा आहेत.