एका दिवसाचे पंतप्रधान

१९६१ साली दादरा-नगर हवेली रीतसर भारतात सामील व्हायची वेळ आली तेव्हा एक पेच पडला. करारावर इकडून सही करणार पंडित नेहरू. तिकडून त्यांच्या तोलामोलाचं कोण? शेवटी के. जी. बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं त्या प्रदेशाचं पंतप्रधान करण्यात आलं. त्यांनी सही केली, प्रदेश सामील झाला, पंतप्रधानपद विसर्जित झालं. सरकारदरबारी झालं असेल. सिल्वाशातल्या आमच्या ताईच्या घरी ते पद अजून चालू आहे आणि ते दाजींकडे आहे. सहलीच्या दिवशी पहाटे चारपासून रात्री गाडीची चावी खुंटीला लागेपर्यंत त्यांचा शब्द शेवटचा. एरवी त्या घरात त्यांना टीव्हीचा रिमोटही मागून घ्यावा लागतो.

असे दाजी तुमच्याकडेही असतील. कुठे ते थोरले काका असतात, कुठे धाकटे दीर, एखाद्या घरात चक्क सूनबाई. लक्षणं तीच. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. घरातलं कुणी नुसतं पुटपुटलं, की रविवारी कुठं तरी जाऊन येऊ, तर बाकीचे ‘हो हो’ म्हणून पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतात. हा माणूस मात्र ताठ बसतो आणि विचारतो, “कुठं तरी म्हणजे किती किलोमीटर?” तिथून पुढे त्या घराला शांतता नाही. हौशी माणसं वेगळी. हौशी माणूस सहलीला जातो. दाजींना सहलीचं फारसं कौतुक नाही, त्यांना सहलीच्या कागदाचं आहे. कागद पूर्ण झाला की त्यांची सहल झालेली असते. पुढचा दिवस म्हणजे नातेवाइकांनी त्या कागदाची केलेली नासाडी.

आता सिल्वाशात खरं तर आखायला आहे काय? सगळं एका रस्त्यावर. खानवेलच्या दिशेनं निघालं की वासोण्याची सिंहांची सफारी, मग सातमालियाचं हरणांचं उद्यान, वीसेक किलोमीटरवर खानवेल आणि जवळजवळ तेवढंच पुढे गेलं की दुधनी. दुधनी म्हणजे मधुबन धरणाचं डोंगरांमधून पसरलेलं पाणी आणि त्यात काश्मिरी थाटाचे शिकारे. उलट दिशेला, वापीकडे, हिरवा वन आणि दादऱ्याचा वनगंगा तलाव. म्हणजे घरातून बाहेर पडल्यावर निर्णय एकच करायचा: डावीकडे की उजवीकडे. शहाणा माणूस गाडी काढेल आणि निघेल. दाजींनी या एका वळणावर वहीची सात पानं खर्ची घातली आहेत. मी पाहिली आहेत ती पानं. त्यात ‘सिंह झोपलेला असल्यास’ असं एक पोटकलम आहे.

याला थोडा दोष भूगोलाचाही द्यायला हवा. वापी स्टेशनवर उतरून सिल्वाशाला येणाऱ्या पाहुण्याला पंधरा-सोळा किलोमीटरमध्ये गुजरात लागतं, मग दादरा, मग पुन्हा गुजरातची एक पट्टी आणि मग नगर हवेली. त्यात नगर हवेलीच्या पोटात मघवाळ नावाचं गुजरातचं एक गाव आहेच. सामान्य माणसाला यातलं काही जाणवत नाही. रस्त्याची जात बदलली तर बदलली. दाजींच्या कागदावर मात्र पाहुण्यांच्या नावापुढे ‘सीमा: ३ वेळा’ अशी नोंद असते. आणि ती अगदीच निरुपयोगी नसते. नवसारीचे आमचे मावसभाऊ सहलीला येतात ते निसर्गासाठी येतात असं त्यांच्या घरी समजतात. गुजरातेत दारूबंदी, इकडे नाही. त्यामुळे परतीच्या वेळेसमोर दाजी लाल पेनानं लिहितात: ‘सामान तपासणी (फक्त नवसारीकर).’ मावसभाऊ त्या ओळीवर बोट ठेवून दर वेळी हसतात आणि दर वेळी त्यांची पिशवी उघडली जाते.

या विषयात दाजींचा अभ्यास जुना आहे. यार्नच्या कारखान्यात प्लॅनिंगला लागण्याआधी ते शारजात होते. शारजात दारूबंदी, शेजारच्या दुबईत नाही. दोन राज्यांच्या मधल्या रेषेवर माणूस कसा वागतो हे त्यांनी तिथंच पाहून घेतलं. आणि सहल आखायची कशी हेही तिथंच. वाळवंटातल्या शहरात सहल हा गमतीचा विषय नाही. शुक्रवार ही तेव्हाची सुट्टी. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, उघड्यावर काम करणाऱ्यांना १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची विश्रांती, असा तिथला कायदाच. तेव्हा पहाटे निघायचं, माणशी चार लिटर पाणी घ्यायचं, ऊन चढायच्या आत अल ऐनच्या खजुरांच्या सावलीत पोचायचं, दुपार मॉलच्या गारव्यात काढायची आणि वाळूत गाडी घालण्याआधी टायरमधली हवा कमी करायची. हे सगळं बरोबरच आहे. तिथं हे नियम मोडणारा माणूस दवाखान्यात जातो.

दाजी सिल्वाशाला आले, ते हे नियम घेऊनच. इथं पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचली नाही असं नाही. त्यांनी ती नोंदवून घेतली आणि बाजूला ठेवली.

मागच्या वर्षीची २ ऑगस्टची गोष्ट. हा सिल्वाशाचा मुक्तिदिन. १९५४ साली याच तारखेला पोर्तुगीजांचा अंमल संपला. मुक्तीच्या लढ्यात पुण्या-मुंबईकडची मराठी मंडळी पुष्कळ होती, सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते; निधीसाठी लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. हे सगळं दाजींना तोंडपाठ आहे आणि त्यांच्या मते त्यातून निघणारा धडा एकच: नियोजन. पोर्तुगीजांकडे हा मुलूख गेलाच कसा, तेही ते याच सूत्रात बसवतात. मराठ्यांच्या आरमारानं १७७२ साली त्यांच्या सांताना नावाच्या जहाजाचं नुकसान केलं आणि त्याच्या भरपाईत १७८३ साली नगर हवेली देऊन टाकावी लागली. “एक जहाज!” दाजी बोट वर करतात. “आधी बसून दहा मिनिटं बोलले असते तर अख्खा परगणा वाचला असता.”

तर या मुक्तिदिनाला दुधनी, असं त्यांनी ठरवलं. आधी रीतसर मतदान झालं. फोनवरच्या ‘मिशन दुधनी’ नावाच्या गटात तीन पर्याय दिले होते: दुधनी, दुधनी व्हाया खानवेल आणि इतर. ‘इतर’ला माझ्या बाबांनी मत दिलं. बाबा जळगावकडचे. त्यांच्या लेखी सहल म्हणजे थंडीत शेतावर जायचं, काट्याकुट्या पेटवून वांगी भाजायची, भरीत-पुरी खायची आणि बांधावर आडवं व्हायचं. त्यात ठरवण्यासारखं एकच, तेल कुणी आणायचं. इकडे दक्षिण गुजरातेत हिवाळ्यात हायवेला मडक्यातलं उंबाडियू मिळतं, त्यावरही ते खूश असतात. तेवढ्यासाठी वलसाडपर्यंत जायची त्यांची तयारी असते. पण दाजींनी भर ऑगस्टात त्यांना वाळवंटातल्या पाणीनियोजनावर जे सुनावलं, त्यानंतर ते म्हणाले, “बरं, दुधनी.” एकमतानं ठराव पास.

आदल्या रात्री बैठक झाली. कारखान्यातून वेळापत्रकाला प्लॅस्टिकचं वेष्टण चढवून आणलं होतं. “घामानं शाई पसरते,” दाजी म्हणाले. बाहेर पाऊस असा कोसळत होता की त्यांना हे ओरडून सांगावं लागलं.

“दाजी, उद्या होड्या चालू असतील का?” मी विचारलं.

“तो मुद्दा सहाव्या क्रमांकावर आहे. आपण तिसऱ्यावर आहोत.”

तिसरा मुद्दा होता टोप्या. माणशी एक, रुंद काठाची. माझ्या बायकोनं हळूच छत्र्यांचं काढलं. दाजी म्हणाले, “वहिनी, छत्रीनं वारा अडतो. वाळूच्या वादळात छत्री उघडलेला माणूस पाहिलाय मी.” त्या माणसाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. ताई या सगळ्या वेळात स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होती. तिनं बैठकीला एकदाही हजेरी लावली नाही. पण छत्र्या, मुलांचे कोरडे कपडे, प्लॅस्टिकचा कागद, आल्याची वडी, बाबांच्या गोळ्या असं एक बोचकं दारामागे आधीच बांधून ठेवलेलं होतं, हे मी पाणी प्यायला गेलो तेव्हा पाहिलं. अशा प्रत्येक नियोजकाच्या घरी असं एक बोचकं असतं. त्याचा उल्लेख कुठल्याही कागदावर नसतो.

पहाटे पाचला आम्ही इको गाडीत भरले गेलो. निघायची वेळ पाच. कारण ‘ऊन चढायच्या आत’. मागच्या सीटखाली, पायांखाली, मुलांच्या मांडीवर पाण्याचे कॅन. दमणगंगा दुथडी भरून वाहत होती, मधुबनात पाणी मावत नव्हतं, रस्त्याकडेच्या प्रत्येक ओहोळाला धबधबा व्हायची घाई झाली होती आणि त्या पाण्यातून आम्ही पाणी घेऊन धरणाकडे निघालो होतो. वासोण्याला पोचलो तेव्हा सिंह काय, सफारीचा पहारेकरीही उठायचा होता. दाजींनी ‘सिंह झोपलेला असल्यास’ हे कलम उघडलं आणि गाडी पुढे काढायला सांगितली. मुलं म्हणाली, थोडं थांबू या. दाजी म्हणाले, “सिंहाला बफर नाही.”

खानवेलला चहा मिळाला. तिथं साकरतोड नदीच्या काठावर, सागाच्या भिजलेल्या झाडांखाली इतकं सुंदर होतं, की आई म्हणाली, इथंच थांबू या ना, काय वाईट आहे. सगळ्यांच्या मनात तेच होतं. दाजींनी घड्याळ पाहिलं. आपण कागदापेक्षा पंचेचाळीस मिनिटं पुढे आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते खचले. उशिरासाठी त्यांच्याकडे तीन उपाय तयार होते. लवकर पोचण्यासाठी एकही नव्हता. शेवटी त्यांनी ती मिनिटं इतिहासाला दिली. नवसारीच्या मावसभावांना दुसरा चहा घ्यायला लावून पुन्हा सांतानापासून सुरुवात केली. “हे बघा, ती माणसं १९५४ साली ऐन पावसात चालून गेली. आणि तुम्हाला इकोतून दुधनी जड जातंय!” मावसभाऊ म्हणाले, “त्यांना पाण्याचे कॅन उचलावे लागले नसतील.”

दुधनीच्या अलीकडे गाडीचं चाक चिखलात रुतलं. सगळी पुरुषमंडळी ढकलायला उतरली. दाजी टायरजवळ वाकले, आणि त्यांच्या मनात काय आलं ते माझ्या उशिरा ध्यानात आलं. “दाजी, हवा काढू नका!” म्हणेपर्यंत फुस्स आवाज झाला होता. वाळूत हा उपाय नामी असेल. इथं जवळच्या पाड्यावरच्या दोन बायांनी, एकीच्या डोक्यावर मोळी होती, चाकाखाली दगड आणि फांद्या घातल्या, पोरांना हाका मारल्या आणि दोन मिनिटांत गाडी बाहेर काढून दिली. मग खानवेलहून पंप येईपर्यंत आम्ही तिथंच होतो. बाया हसून निघून गेल्या. त्यांच्याबरोबर आमचे पाण्याचे दोन कॅन गेले, आईनं आग्रहानं दिले. पाण्यासाठी नव्हे, रिकामा कॅन कामाला येतो म्हणून त्यांनी ते घेतले. पाणी तिथंच ओतलं.

आणि तेवढ्यात साडेबारा वाजले.

“कुणी उघड्यावर थांबायचं नाही. तीनपर्यंत,” दाजी म्हणाले.

पावसाच्या त्या झडीत त्यांचा एकही हुकूम इतक्या आनंदानं पाळला गेला नव्हता. आम्ही इकोत दाटीवाटीनं बसलो. ताईनं बोचकं सोडलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. खाली अंथरायचा कागद ओला झाला होता, म्हणून तिनं दाजींच्या हातातलं वेष्टण घातलेलं वेळापत्रक घेतलं आणि त्यावर लोणचं वाढलं. दाजी काही बोलले नाहीत. काचेबाहेर धरणाचं पाणी आणि आभाळ यांच्यात फरक उरला नव्हता, शिकारे काठाला बांधलेले होते, मुलं ओल्या काचेवर बोटांनी सिंह काढत होती. बाबांनी डाळीएवढा ठेचा जिभेला लावला आणि म्हणाले, “जावईबापू, आता इथं एखादं वांगं भाजलं असतं तर!” दाजींनी खिशातलं लाल पेन काढलं, लोणच्याच्या कडेला कोरी जागा शोधली आणि लिहून घेतलं.

रात्री गटावर अहवाल आला. उद्दिष्टं आठ, साध्य सात. शिकारा ‘पुढील सत्रात’. नवसारीकरांच्या पिशवीत आक्षेपार्ह काही आढळलं नाही. मावसभावांनी या ओळीला हात जोडल्याचं चित्र टाकलं. सहल छान झाली असं आईनं लिहिलं, आणि ते खरंच होतं. ती का छान झाली याबद्दल दाजींचं मत आणि बाकीच्यांचं मत वेगळं असावं, पण अहवालावर चर्चा होत नसते.

आता दिवाळीत जैसलमेरला जायचं ठरलं आहे. सोन्याचा किल्ला, हवेल्या, समच्या वाळूच्या टेकड्या. मला वाटलं, चला, दाजींच्या विद्येला अखेर तिच्या लायकीचं गाव मिळालं. परवा यादी आली. दुधनीचा अनुभव त्यांनी वाया जाऊ दिलेला नाही. माणशी एक रेनकोट. गमबूट. मोज्यांचे दोन जादा जोड. गाडीवर टाकायला ताडपत्री. चिखलातून चाक काढायला फळ्या, दोन.

आईनं यादी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली. “आणि पाणी?”

“तिकडं मिळेल,” दाजी म्हणाले. “गडीसर तलाव आहे ना.”