प्रकृतीस्तव

पुण्यात ताजी बिअर कुठे चांगली, हा प्रश्न रसिकांना विचारू नये. आरोग्य खात्याला विचारावा. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो आणि तो मिळतो प्रकृतीच्या जपणुकीसाठी! एका दिवसाच्या तब्येतीचा दर वर्षानुवर्षे पाच रुपये. एवढ्यात हल्ली खासगी दवाखान्यात केसपेपरसुद्धा निघत नाही.

तेव्हा २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली, ती देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी एक नव्हे, तर धर्मादाय दवाखानाच म्हणायला हवा. पुढे कोरेगाव पार्क, मुंढवा भागात या उपचारांची चांगलीच सोय झाली. शनिवारी रात्री बाहेर ताटकळणारी तरुण मंडळी पाहून पोटात कालवते. इतक्या कोवळ्या वयात हे दुखणे!

मात्रेबाबतही शासन दक्ष आहे. एकविसाव्या वर्षी बिअर; त्याने गुण आला नाही, तर पंचविशीत व्हिस्की. आता मेडिक्लेममध्ये स्टाउटचा समावेश व्हावा आणि गव्हाच्या बिअरवर ‘जेवणानंतर, हलवून’ अशी चिठ्ठी लागावी, एवढेच बाकी आहे.

बिनपरवाना पिणाऱ्यावर मात्र कारवाई व्हायलाच हवी. धडधाकट माणसाने रुग्णाची खाट अडवायची म्हणजे काय?