मधल्या बंदरावर उतरणारे

अमरावतीचा माणूस शेवटच्या स्टेशनापर्यंत जातच नाही. गाडी हावड्याची असो की गोंदियाची, तो बडनेऱ्याला उतरतो. पहाटेपासून डब्यात एकच चौकशी चालते, "मूर्तिजापूर गेलं काय बावा?" मूर्तिजापूरकरांनी रागावू नये, पण त्यांचं गाव आमच्याकडे गजर म्हणून वापरतात. ते गेलं की चादरींच्या घड्या होतात, बर्थखालच्या चपला सापडतात आणि गाडी पुढे कुठे जाते याच्याशी आपला संबंध संपतो. अकोलेकराचा गजर शेगाव. त्याला थेट गजानन महाराजच उठवतात.

यातले काही जण तिकीट नागपूरचं काढतात, कारण बडनेऱ्याचं वेटिंगवर असतं. रेल्वे न केलेल्या प्रवासाचा एक रुपयाही परत देत नाही. पण मधेच का उतरलास, असंही विचारत नाही. ५०० किलोमीटरच्या वरचं तिकीट असेल तर वाटेत उतरून मुक्काम करायची सवलतसुद्धा नियमातच आहे. आणि आमची शकुंतला चालू होती तेव्हा तर कळस होता. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर अशी ती छोट्या रुळांची गाडी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं आणि ते १९९४ पर्यंत राबलेलं. चालत्या गाडीतून खाली उतरायचं, आवश्यक ते उरकायचं आणि पुन्हा तीच गाडी पकडायची, असं जुनी माणसं सांगतात. त्यांच्या सांगण्यातून थोडं पाणी काढून टाकलं तरी खाली बरंच उरतं.

अशा मुलखातल्या माणसाला पोरगा अमेरिकेत बोलावतो आणि सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या जहाजावर बसवून देतो. आमच्या साईनगरात असे एक निवृत्त गुरुजी आहेत. पहिल्या दिवशी समुद्र, दुसऱ्या दिवशी समुद्र, जेवायला सोळा प्रकारचं सॅलड आणि ठेच्याचा पत्ता नाही. जूनो नावाचं बंदर लागलं तसे गुरुजी पिशवी घेऊन काउंटरवर गेले आणि म्हणाले, "मले इथीच उतरू द्या, मी आपला इमानानं जातो." मुलाने त्याचं इंग्रजी केलं. काउंटरवरच्या बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण हात टेलिफोनकडे गेला.

गुरुजींना तेव्हा कळलं की सुखाच्या सहलीत सगळं करता येतं, फक्त उतरता येत नाही. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने एका अमेरिकन बंदरातून माणूस उचलून दुसऱ्या अमेरिकन बंदरात सोडायचा नाही. सोडला तर माणशी दंड. आधी दोनशे डॉलर होता, आता महागाईभत्त्यासारखा वाढत जातो. दंड होतो जहाजाला आणि जहाज तो वसूल करतं प्रवाशाकडून. ही मोठी जहाजं बहामाच्या, नाहीतर पनामाच्या झेंड्याखाली फिरत असल्याने सिएटलहून निघालेलं जहाज परत येताना कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदराला काही तास पाय लावून येतं, म्हणजे सोवळं मोडत नाही. २०२१ मध्ये करोनामुळे कॅनडाने बंदरं बंद केली तेव्हा या पाय लावण्यातून सूट द्यायला अमेरिकेच्या संसदेला वेगळा कायदा करावा लागला. गुरुजी शेवटपर्यंत गेले. येऊन त्यांनी सगळ्यांना फोटो दाखवले आणि कोणी पुन्हा जाणार का विचारलं की बीपीची गोळी शोधू लागले.

पण त्यासाठी सिएटल कशाला? महाराष्ट्राने स्वतःची क्रूझ काढलेली आहे.

२० जून २०२२ ला विधान परिषदेचं मतदान आटोपलं आणि रात्री शिवसेनेच्या बंडखोर आमदारांना घेऊन ती निघाली. पहिलं बंदर सुरत, दुसरं गुवाहाटी, तिसरं गोवा, शेवटचं मुंबई. गंमत पाहा, चारही खरोखरची बंदरं. सुरत मोगलांच्या काळापासूनचं, हजचे यात्रेकरू तिथूनच जहाजात बसायचे. गुवाहाटीला ब्रह्मपुत्रेवर पांडू बंदर आहे. गोव्याचं आणि मुंबईचं सांगायला नको. मराठी माणसाचा सुरतेशी संबंध तर १६६४ आणि १६७० पासूनचा. तेव्हा महाराजांची माणसं परत येताना काय घेऊन आली याची बखरकारांनी चर्चा केली. या खेपेला कोण काय घेऊन आलं यावर विरोधकांनी खोक्यांची घोषणाच तयार केली आणि ज्यांच्याबद्दल होती त्यांनी ती साफ नाकारली.

प्रवास झकास होता म्हणतात. सांगोल्याच्या आमदारांनी गुवाहाटीहून कार्यकर्त्याला फोनवर तिथल्या झाडीचं, डोंगराचं आणि हॉटेलचं जे वर्णन केलं, ते ऐकून निम्म्या महाराष्ट्राला आपणही बंड करावं असं वाटलं. आसामच्या पर्यटन खात्याला इतकी फुकट जाहिरात कधी मिळाली नसेल. पुढच्या जानेवारीत वाराणसीहून दिब्रुगडला गंगाविलास नावाची खरीखुरी नदीवरची क्रूझ निघाली, ५१ दिवसांची, वाटेत गुवाहाटी लागणारी. आपल्या लोकांनी दीड आठवड्यात आटपलं. वेळेचं नियोजन आपल्याकडून शिकावं.

या सहलीतला आयोजकांचा सगळ्यात मोठा खर्च विमानाचा नव्हता, खोल्यांचाही नव्हता. तो होता उतरू न देण्याचा. याचं कारण राज्यघटनेत आहे. १९८५ ला बावन्नावी घटनादुरुस्ती झाली, पक्षांतरबंदी आली, पण एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट ग्राह्य धरायची अशी खिडकी ठेवली. पुढे सगळे त्या खिडकीतूनच ये-जा करू लागले म्हणून २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने ती बंद केली. उरलं ते विलीनीकरण, त्याला दोन तृतीयांश लागतात. कायदा करणाऱ्यांना वाटलं, आता फुटणं कठीण होईल. झालं एवढंच की पूर्वी जीपमध्ये मावणारं काम आता चार्टर विमानाला गेलं. शिवसेनेचे तेव्हा ५५ आमदार. दोन तृतीयांश म्हणजे ३७. सुरतेच्या रात्री आकडा तिथवर पोचायचा होता. अशा वेळी एक माणूस जरी पिशवी घेऊन काउंटरवर आला, तर हात टेलिफोनकडे जाणारच.

आणि आला तो नेमका अकोला जिल्ह्यातला.

बाळापूरचे आमदार नितीन देशमुख. इकडे अकोल्यात त्यांच्या पत्नीने पती बेपत्ता असल्याची तक्रार पोलिसांत दिली. क्रूझला गेलेल्या नवऱ्याची तक्रार ठाण्यात नोंदवणाऱ्या महाराष्ट्रातल्या त्या पहिल्याच असाव्यात. २२ जूनला देशमुख नागपूरला उतरले आणि त्यांनी सांगितलं ते असं: आपण मध्यरात्री हॉटेलातून निघालो, रस्त्यावर वाहन शोधत होतो, शंभराहून अधिक पोलिसांनी घेरलं, हृदयविकाराचा झटका आल्याचं सांगून दवाखान्यात नेलं आणि इच्छेविरुद्ध इंजेक्शन दिलं. दुसऱ्या बाजूने लगेच त्यांचे विमानातले फोटो बाहेर काढले आणि सांगितलं की कसली जबरदस्ती, त्यांना परत जायचं होतं म्हणून आम्हीच खास विमानाने पाठवलं.

कोणाचं खरं, हे ठरवणं सदर लिहिणाऱ्याचं काम नाही. पण दोन्ही खरं धरून चाललं तरी चित्र काही वाईट होत नाही. मधल्या बंदरावर उतरणाऱ्याला शंभर पोलीस निरोप द्यायला, तपासणीला डॉक्टर, आणि घरी सोडायला विमान. एवढी सोय जगात कुठल्याच जहाजावर नाही. गुरुजींना जूनोला यातलं काहीही मिळालं नाही.

धाराशिवचे कैलास पाटील त्याहून स्वस्तात सुटले. ते गुजरातच्या हद्दीजवळच गाडीतून उतरले. त्यांनीच सांगितलं की पावसात पायी चालले, पुढे कुणाच्या मोटारसायकलवर, मग ट्रकमध्ये, असं करत मुंबई गाठली. आयुष्यभर एसटीची वाट पाहिलेल्या मतदाराला हा प्रवास एकदम आपल्या घरचा वाटला. आमदार होण्याआधी सगळे असेच फिरतात, झाल्यावर असा फिरलेला हाच एक.

आता वऱ्हाडातून शेवटपर्यंत गेलेल्यांकडे वळू. अचलपूरचे बच्चू कडू गेले होते. तेव्हा ते राज्यमंत्री होते आणि अकोल्याचे पालकमंत्री. म्हणजे त्या आठवड्यात अकोला जिल्ह्याचे पालक गुवाहाटीला आणि पाल्य नागपूरला. पुढे ऑक्टोबरमध्ये त्यांनी गुवाहाटीला जायचे पैसे घेतले असा आरोप झाला. तो विरोधी बाकावरून झाला असता तर कोणी मनावर घेतला नसता. तो केला सरकारला पाठिंबा देणाऱ्या रवी राणांनी. राणा कुठले आमदार? बडनेऱ्याचे. आमच्या जिल्ह्यात तुम्ही कुठे बसला, कुठे उतरला याचा हिशेब बडनेऱ्यावरच होतो, हे मी वेगळं सांगायला नको. कडूंनी पुरावा मागितला, मुदत दिली, शेवटी मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांनी दोघांना मुंबईला बोलावलं आणि राणांनी शब्द मागे घेतले. शब्द तेवढे परत आले.

आणि ज्यासाठी ही मोजामोज चालली होती, त्या ३७ च्या आकड्याचं काय झालं? काही नाही. आकडा चाळिसावर गेला, पण विलीनीकरणाचं दार कोणी ठोठावलंच नाही. प्रवाशांनी जाहीर केलं की आम्ही जहाज सोडून चाललो नाही, जहाजच आमचं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिला आणि १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनीही तेच जहाज खरं ठरवलं. त्यामुळे देशमुख आणि पाटील नेमके कशातून उतरले, हा प्रश्न आता कायद्याच्या परीक्षेला टाकण्यासारखा आहे. ते जहाजातून उतरून जहाजातच राहिले की जहाजात राहून जहाजातून उतरले, यावर वीस मार्कांचं उत्तर येऊ शकतं.

मतदारांकडून तरी काही निकाल लागावा, म्हणून नोव्हेंबर २०२४ कडे पाहिलं. मधेच उतरलेले दोघेही निवडून आले. मी कागद काढून सिद्धान्त मांडायला बसलो, तर दिसलं की शेवटपर्यंत गेलेल्यांतलेही बहुतेक निवडून आले. पडले त्यात झाडीवाले सांगोल्याचे आणि आमचे अचलपूरचे. सिद्धान्त फाडून टाकला. पानठेल्यावर एकाने समजावलं, "भाऊ, लोकं तिकीट पाहून मत देत नाई. गावात कोण दिसते ते पायतात." हा माणूस स्वतः तीन पक्षांचा कार्यकर्ता आहे, त्यामुळे त्याचं मत विचारात घ्यावं लागतं.

ही विद्या आता तालुक्यापर्यंत उतरली आहे. नगराध्यक्ष थेट निवडून आला तर उपाध्यक्षासाठी, महापालिका असेल तर महापौरासाठी, बाजार समिती असेल तर सभापतीसाठी, निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पांढऱ्या खिडक्यांची गाडी दाराशी येते. सदस्यांना देवदर्शन घडतं. मोबाइल आयोजकांकडे जमा होतात, म्हणजे भक्तीत व्यत्यय नको. सदस्य महिला असेल तर पतिराज बरोबर जातात. बऱ्याचदा सदस्याला ठेवून पतिराजांनाच नेलं तरी भागतं. जेवण, राहणं, पोरांसाठी खेळणी, सगळं आत. परतीची तारीख मात्र मतदानाच्या सकाळची, आधी नाही.

या धंद्यातल्या एका मुरलेल्या आयोजकाशी बोलणं झालं. त्यांची तक्रार होती की माणसं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत. पूर्वी सदस्याला गोव्याला नेलं की तो चार दिवस समुद्रात पाय सोडून बसायचा, मोजायचं काम नसायचं. आता तिसऱ्या दिवशी घरच्या जेवणाची आठवण काढतो, पोराला ताप आला म्हणतो, सासऱ्याला आजारी पाडतो. मागच्या खेपेला एकाचे सासरे दोनदा अत्यवस्थ झाले आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या गावी. म्हणून आता फक्त तीर्थक्षेत्रं. तिथे माणूस शरमेने तरी थांबतो.

"मग कुठं कुठं नेता?" मी विचारलं.

"शिर्डी, त्र्यंबकेश्वर, वणी, जमलं तर उज्जैन."

"शनिशिंगणापूर? शिर्डीहून तर जवळच."

"ते काढून टाकलं यादीतून," ते म्हणाले. "तिथल्या घराले दारंच नसतात."