कपाटाचा कायापालट

भंडाऱ्यात स्वयंपाकघरातल्या सागवानी कपाटाचे दिवस काही ठीक नाहीत. मॉड्युलर किचनचा भाव ऐकून घाम फुटला की गृहस्थ मोबाइलवर चार व्हिडिओ पाहतो आणि सुताराची मजुरी वाचवायला लुंगी खोचून स्वतःच भिडतो. 80 नंबरचा पॉलिश पेपर आडवातिडवा फिरला, की आजोबांच्या काळच्या सागावर ओरखड्यांचं गोंदण उमटतं. पेपर लाकडाच्या रेषेनेच ओढायचा, मग 120, मग 220, हे सांगणारा व्हिडिओ लांबलचक असतो. तो पाहतो कोण?

मग पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ हात मारायचे, ही जुनी रीत. लाख पळसावर पिकते, आणि पळसाला आपल्याकडे काय तोटा! 1999 पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या गोंदियाकडे तर लाखेचं पीक घेतात. पण आपला गृहस्थ आणतो डबाबंद पांढरा रंग, ‘व्हिंटेज लूक’साठी. म्हणजे जुनं कपाट जुनं दिसावं म्हणून नवा रंग!

कळस कड्यांचा. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या गावात अस्सल पितळी कड्या उपटून भंगारात घालतात, आणि त्या जागी सोनेरी मुलाम्याचं प्लास्टिक बसवायला जातात. भोकं जुळत नाहीत. शेवटी सुतार येतोच, आणि निस्तरायची मजुरी वेगळी लावतो.

तेव्हा बाबांनो, हौस करा. पण कड्या तेवढ्या चिंच-मिठाने घासून परत लावा, आणि लाखेचं पॉलिश पावसाळ्यात करू नका. दमट हवेत ते पांढरं पडतं.