सोळा तास उपास, आठ तास उद्यापन

एकभुक्त, नक्त, निर्जळी, धारणे-पारणे हे सगळे प्रकार ज्यांच्या पणज्यांना तोंडपाठ होते, त्यांना आता उपास मोबाइलमधलं ॲप शिकवतं. सोळा-आठ! म्हणजे सोळा तास उपास आणि आठ तास उद्यापन. दुपारी बाराला ॲप वाजलं की ऑफिसच्या कँटीनमध्ये जी झुंबड उडते, ती पाहून चातुर्मासही ओशाळेल.

हे सगळं हृदयासाठी बरं का. उपासानं रक्तवाहिन्या आतून धुऊन निघतात, असं बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या बाकावर एकमतानं मंजूर झालं आहे. पुरावा काय, तर जपानच्या योशिनोरी ओसुमींचं 2016 चं नोबेल. पेशी स्वतःचाच कचरा कसा पचवतात हे ओसुमींनी यीस्टमध्ये शोधलं. यीस्टला धमन्या नसतात. पण बाकावर इतक्या खोलात कोण शिरतो!

मग मार्च 2024 मध्ये अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या परिषदेतून बातमी आली: आठ तासांच्या आतच खाणं उरकणाऱ्यांत हृदयविकारानं मरण्याचा धोका 91 टक्के जास्त. पाहणी वीसेक हजार जणांची. बाक हादरला. बरेच जण त्याच संध्याकाळी खबरदारी म्हणून भेळ खाऊन आले. या वीस हजारांना दोनच दिवसांचं खाणं विचारलं होतं आणि त्यावर पुढच्या कित्येक वर्षांचा हिशेब मांडला होता, हे बातमीच्या शेपटाला. शिवाय आठ तासांत जेवण आटोपणारा प्रत्येक जण डाएटवालाच कशावरून? आजारानं भूक मेलेलाही त्यात असणार, दोन पाळ्यांत राबणाराही.

चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या त्या मानानं अगदीच अळणी. चीनच्या ग्वांगझूमध्ये 139 लठ्ठ माणसांना वर्षभर मोजकं खायला लावलं. एका गटानं सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खायचं, दुसऱ्यानं वाटेल तेव्हा. 2022 साली निकाल लागला. वजन दोघांचं उतरलं, पण वजनात काय नि रक्तदाबात काय, दोन गटांत म्हणण्याजोगा फरक नाही. राबलं कमी खाणं, हार घातला घड्याळाला.

घड्याळाची बाजू अगदीच लंगडी नाही. अलाबामात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना पाच आठवडे शेवटचं जेवण दुपारी तीनच्या आत दिलं, तर वजन न घटताही रक्तदाब खाली आला. माणसं आठच, पण वेळ बघा: तीनच्या आत! आपण बाराला सुरू करून रात्री आठला बिर्याणीवर समाप्ती करतो. संकष्टीला तर चंद्र उगवेपर्यंत थांबतो आणि मग मोदकांवर सूड उगवतो. चौविहार पाळणारे जैन शेजारी ॲपशिवायच सूर्यास्ताआधी हात धुतात. त्यांना कुणी फॉलो करत नाही.

खिचडीचं तर बोलूच नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर तूप, वर बटाट्याच्या पापड्या. सैंधव उपासाला चालतं, पण रक्तदाबाला त्यातलं सोडियम बरोबर ओळखू येतं.

त्यात रक्तदाबाची सकाळची गोळी ‘उपाशीपोटी नको’ म्हणून परस्पर बारावर ढकलणारे महाभाग आहेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन सोळा तास कोरडे काढणारेही आहेत. त्यांची साखर एकदम खाली गेली की चक्कर येते, आणि चक्करेला ते ‘डिटॉक्स’ म्हणतात.

खरा कडकडीत उपास होतो तो लिपिड प्रोफाइलच्या आदल्या रात्री. लॅब उघडायच्या आत रांग लागते. समोरच मिसळवाला असतो. कोपरात कापूस दाबून धरलेला आणि दुसऱ्या हातानं ज्यादा तर्रीची खूण.