रोलवाला

रोलवाला हा छायाचित्रकार असतोच असे नाही. फोनमध्ये दहा हजार फोटो पडून असताना जो गळ्यात छत्तीस फोटोंचा कॅमेरा अडकवून हिंडतो, त्याला रोलवाला म्हणावे. वय बावीस ते पस्तीस, नोकरी बहुधा संगणकावरची. पगार संगणकावर मिळवायचा आणि फिल्म धुण्याच्या डेव्हलपर-फिक्सरमध्ये बुडवायचा, हा त्याचा अर्थव्यवहार. मुंबईपुण्यात तो पुष्कळ. नाशिक, कोल्हापूर, पणजीकडेही हल्ली दिसू लागला आहे. त्याला ओळखण्याची खूण सोपी आहे. फोटो काढून झाला की सवयीने तो कॅमेऱ्याची मागची बाजू बघतो, तिथे नुसते काळे रेक्झिन असते, आणि मग आपल्याला कोणी पाहिले तर नाही ना, हे बघतो.

लागण बहुतेकदा घरातूनच होते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक चामडी पेटी खाली येते. आत काकांचा कॅमेरा: पेंटॅक्स के1000, नाहीतर रशियन झेनिट. त्यावर दोन मुंजी, एक लग्न आणि महाबळेश्वरची एक सहल पार पडलेली. काकांना त्याचे काहीच वाटत नाही. ‘घेऊन जा रे, जागा अडवून बसलाय,’ म्हणून ते पुन्हा पेपरात डोके घालतात. पुतण्याच्या हाताला मात्र त्या धातूचे वजन लागते, बोट आपसूक बटणावर जाते आणि ‘खट्याक’ असा आवाज होतो. पुढचा सगळा खर्च या खट्याकपासून सुरू होतो.

हा आवाज मुख्यतः आरशाचा. एसएलआर जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो आणि वरच्या प्रिझममधून डोळ्यापर्यंत पोचतो. त्यामुळे लेन्सला जे दिसते तेच बघणाऱ्याला दिसते. बटण दाबले की आरसा वर उडतो, मागचा पडदा सरकतो, फिल्मवर प्रकाश पडतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टाने 1936 मध्ये ही सोय 35 मिलिमीटरच्या फिल्मवर आणली, पण तिचा आरसा एकदा वर गेला की पुढची चावी देईपर्यंत वरच राही आणि बघणाऱ्यापुढे अंधार. पेंटॅक्स बनवणाऱ्या जपानच्या असाही कंपनीने आपणहून खाली येणारा आरसा 1954 मध्ये आपल्या कॅमेऱ्यात बसवला. 1959 मध्ये निकॉन एफ आला आणि वृत्तपत्रांचे छायाचित्रकार या जातीकडे वळले. रोलवाल्याला ही सनावळी तोंडपाठ असते. स्वतःच्या स्कूटरचा नंबर मात्र त्याला फोनमध्ये बघावा लागतो.

ज्यांना कॅमेरेवाले काका नाहीत, त्यांना तो विकत घ्यावा लागतो. त्यासाठी पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, मुंबईत फोर्टातली बोराबाजार गल्ली आहे आणि धाडस असेल तर चोरबाजार आहे. गोल चष्मा आणि खांद्यावर कापडी झोळी दिसली की किंमत दुप्पट सांगायची, एवढे तिथल्या विक्रेत्याला पक्के ठाऊक असते. ‘साहेब, अँटिक पीस आहे, आता बनत नाही,’ हे त्याचे वाक्य अर्धे खरे आहे. के1000 बनत नाही हे खरेच. पण 1976 ते 1997 अशी एकवीस वर्षे तो बनतच होता आणि तीस लाखांच्या आसपास नग निघाले. फोटोग्राफी शिकवणाऱ्या संस्थांनी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना घ्यायला लावलेला हा साधासुधा कॅमेरा. त्याला दुर्मीळ ठरवायला विक्रेत्याइतकाच गिऱ्हाइकाचाही हातभार लागतो.

घेताना खरे तर मागचे झाकण उघडून कडेचा काळा स्पंज बघावा. जुना झाला की तो डांबरासारखा चिकट होतो आणि फटीतून उजेड आत येतो. लेन्स उजेडाकडे धरून आत जाळीसारखी बुरशी आहे का ते बघावे. शटर एका सेकंदावर लावून ते मध्येच अडते का ते ऐकावे. कॅनन एई-1 असेल आणि बटण दाबताच आतून बारीक किंचाळल्यासारखे आले, तर आरशाच्या यंत्रणेला तेल हवे आहे असे समजावे. रोलवाल्याने यावरचे व्हिडिओ रात्र-रात्र जागून पाहिलेले असतात. प्रत्यक्ष बाजारात तो फक्त कॅमेऱ्याच्या कपाळावर ‘असाही’ ही अक्षरे आहेत का ते बघतो. के1000 आधी जपानमध्ये, मग हाँगकाँगमध्ये आणि शेवटी चीनमध्ये तयार झाला. ‘असाही’ लिहिलेला जुना, म्हणजे अस्सल, असा त्याचा हिशेब. अक्षरे दिसली की घासाघीस संपते.

मग आठवडाभरात तो दुरुस्तीवाल्या काकांच्या टेबलापुढे उभा राहतो. या काकांबद्दल आदराने लिहिले पाहिजे, कारण या सगळ्या प्रकरणात काम येणारा माणूस तेवढा एकच आहे. टेबलावर हिरवे कापड, चुंबकाच्या बशीत तांदळाएवढे स्क्रू, डोळ्याला घड्याळजीचे भिंग. काका कॅमेरा हातात घेतात, पण बघत नाहीत, कानाशी नेतात. एक सेकंदावर शटर सोडतात, मग अर्ध्यावर, मग पुन्हा एकावर.

‘ऑइल सुकलंय. स्पंज पण गेलाय. पुढच्या आठवड्यात या.’

‘काका, पण कॅमेरा चांगला आहे ना?’

‘कॅमेरा चांगलाच असतो. रोल किती काढले यावर?’

‘अजून नाही काढला. आधी सगळं परफेक्ट करून घेतो.’

काका भिंग डोळ्यावरून न काढता मान हलवतात. पुढचा आठवडा दीड महिन्याने येतो.

ऑलिंपस ओएम-1 घेणाऱ्याची आणखी एक फेरी होते. प्रकाशमापकासाठी त्याला 1.35 व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागतो आणि पाऱ्याच्या विषारीपणामुळे असे सेल आता बनवत नाहीत. साधा दीड व्होल्टचा घातला तर काटा चुकीचा उजेड दाखवतो. यावर तोडगा म्हणजे श्रवणयंत्राचा 675 क्रमांकाचा सेल. त्याचा दाब मूळच्या जवळ जातो. रोलवाला तो आणायला कर्णयंत्रांच्या दुकानात जातो, तेव्हा दुकानदार आस्थेने म्हणतो, ‘आजोबांनाच घेऊन या एकदा, मशीनही तपासून देतो.’ हा सेल हवेवर चालतो. वरची चिकटपट्टी काढली की कॅमेरा वापरा अथवा न वापरा, काही आठवड्यांत तो मरतो. त्यामुळे आजोबांची चौकशी वर्षातून चार-पाचदा होते.

यानंतर येतो रोल. एका रंगीत रोलला आज हजाराच्या आसपास पडतात. धुणे आणि स्कॅन वेगळे. म्हणजे बटण दाबले की चाळीसेक रुपये गेले. रोलवाला याला ‘विचारपूर्वक फोटो काढणं’ म्हणतो. विचार तो भरपूर करतो. घरचे लोक सोफ्यावर बसवलेले, आजी मध्ये. तो काटा बघतो, खिडकी उघडतो, पुन्हा काटा बघतो, छिद्र एक घर लहान करतो, मागे सरकून टीपॉयला आपटतो. लख्ख उन्हात छिद्र एफ-16 ठेवायचे आणि शटरचा आकडा फिल्मच्या वेगाइतका, हा नियम त्याला ठाऊक आहे. पण सोफा उन्हात नाही. तोवर हसून हसून सगळ्यांचे गाल दुखतात आणि आजीला डुलकी लागते. काका बाजूने सांगतात, ‘अरे, एफ आठ, साठ, आणि मार.’ महाबळेश्वरला काकांनी असेच मारले होते आणि सगळे फोटो आले होते. त्यांना फोटो हवे होते, म्हणून त्यांनी कॅमेरा घेतला. पुतण्याला कॅमेरा हवा होता, म्हणून तो फोटो काढतो. दोघांमधला फरक एवढाच आहे आणि तो फोटोंत दिसतो.

रोल भरण्याची क्रिया जरा सविस्तर सांगायला हवी, कारण बहुतेक शोकांतिका तिथे घडतात. डब्यातून बाहेर आलेली फिल्मची जीभ समोरच्या रिळाच्या खाचेत खोवायची, कडेची भोके दातांत बसवायची, एक चावी मारून ती ताणली का ते बघायचे, मग झाकण लावायचे. चावी मारताना डाव्या हाताची रिवाइंडची खुंटीही फिरायला हवी. ती फिरली तरच आत फिल्म सरकते आहे. आकडा दाखवणारी खिडकी मात्र कशाचीही शहानिशा करत नाही. जीभ खाचेतून निसटली असली तरी ती एक, दोन, तीन असे मोजतच राहते. रोलवाल्याचा पहिला रोल अडतीसपर्यंत जातो. तो खूश होतो. दोन फोटो फुकट! एकोणचाळीस, चाळीस. चव्वेचाळीसला त्याला पहिल्यांदा शंका येते.

धुऊन आलेली पट्टी लॅबवाला उजेडावर धरून दाखवतो. फिल्म स्वच्छ, आरपार. कडेला कंपनीचे नाव आणि फोटोंचे क्रमांक मात्र ठळक उमटलेले. ‘हे आकडे आलेत ना, म्हणजे धुण्यात काही चूक नाही,’ असे तो नम्रपणे सांगतो. या वाक्यावर वाद घालता येत नाही, कारण ते आकडे कारखान्यातच फिल्मवर पडलेले असतात आणि रसायन बिघडले असते तर तेही आले नसते.

या धक्क्यानंतर काही जण फोनकडे परततात. उरलेले घरीच रोल धुवायला लागतात. कृष्णधवल फिल्म अंधारात चकरीवर गुंडाळून बंद डबीत घालायची असते आणि अशी अंधारी जागा मराठी घरात एकच, बाथरूम. दाराच्या फटीत टॉवेल, बाहेर वडील. ‘अजून किती वेळ?’ ‘बाबा, लाइट लावू नका!’ नेहमीच्या डेव्हलपरला पाणी वीस अंशांचे लागते. मे महिन्यात पुण्याच्या नळाला ते मिळत नाही, म्हणून फ्रिजमधला सगळा बर्फ बादलीत जातो आणि त्या दिवशी आमरसाच्या पंगतीला पाणी कोमट मिळते.

चार महिने असे गेल्यावर फोटो येऊ लागतात. विषय ठरलेले: पडका वाडा, दाराची कडी, इराण्याच्या हॉटेलातली खुर्ची, उन्हात झोपलेले मांजर, सायकल. माणसे कमी, कारण माणसे हलतात. फोकस मांजराच्या मागच्या भिंतीवर असला तर तो ‘मूड’ असतो आणि उजेड कमी पडला असला तर ‘ग्रेन’. लॅबने स्कॅन करून पाठवलेल्या फायली तो फोनवर उतरवतो, तिथेच जरा उजळ करतो आणि इन्स्टाग्रामवर टाकतो. पाहणारेही ते फोटो फोनवरच अंगठ्याने वर ढकलतात. खुद्द कॅमेऱ्याचा चहाच्या ग्लासाशेजारी ठेवून काढलेला फोटो याहून जास्त पसंत पडतो. तो फोनने काढलेला असतो.

पावसाळ्यात त्याचे हाल बघवत नाहीत. कोकणात आणि मुंबईत जूनपासून लेन्सवर बुरशी धरते, आणि एकदा तिने काचेचा लेप खाल्ला की तो परत येत नाही. म्हणून घरातल्या सगळ्या बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमतात. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर परतून पुन्हा निळे करायचे. कोणी तांदळाच्या डब्यात लेन्स पुरून ठेवतो. आईला ती कुकर लावताना सापडते. उन्हाळ्यात वेगळेच. जुन्या टाकुमार लेन्सच्या काही नमुन्यांच्या काचेत थोरियम असे आणि वर्षांनी ती काच पिवळी पडे. हा पिवळेपणा उन्हात ठेवून उतरतो. त्यामुळे गच्चीवर कुरडयांच्या शेजारी एक लेन्स आभाळाकडे तोंड करून आठवडेच्या आठवडे बसलेली दिसते आणि कावळ्यांना हाकलण्याचे काम घरात पहिल्यांदाच तो आपणहून अंगावर घेतो.

गप्पांत तो कोडाक्रोमवर आला की श्रोत्यांनी बस पकडावी. कोडॅकने 2009 मध्ये ही फिल्म बंद केली, शेवटी तयार झालेला रोल स्टीव्ह मॅकरी यांना दिला आणि त्यातले काही फोटो मुंबईत काढले गेले, हे सगळे खरे आहे. रोलवाला ते अशा सुरात सांगतो, जणू छत्तीसावा फोटो त्याच्यासाठी ठेवला होता.

एवढे असूनही तो निरुपद्रवी आहे. त्याच्यामुळे दुरुस्तीवाल्या काकांकडे काम येते, लॅबमधले मशीन चालू राहते. शिवाय फिल्म कॅमेऱ्यांचा बाजार संपला असे धरून चाललेल्या पेंटॅक्सने 2024 मध्ये नवा फिल्म कॅमेरा काढला. तो एसएलआर नव्हे, तरी त्यातही अशाच गिऱ्हाइकांचा वाटा आहे. फक्त लग्नाकार्याचे फोटो त्याच्यावर सोपवू नयेत. सोपवलेच तर शेजारी फोनवाला एक भाचा उभा करावा.

आणि घराच्या माळ्यावर असा कॅमेरा असेल तर रोलवाल्याला बोलावण्याआधी तळाचे झाकण उघडून जुना सेल काढून टाकावा; गळलेला सेल आतले धातू खातो. मागचे झाकण मात्र लगेच उघडू नये. रिवाइंडची खुंटी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून पाहावी. ती अडली तर आत रोल आहे.