मुरूमशेठ

खड्डा दिसला की ज्याचा चेहरा उजळतो असा एक तरी मनुष्य आता प्रत्येक सोसायटीत राहतो. तुमच्याकडेही असणार. लिफ्टमध्ये सायकल उभी करून शिरतो, चाकाचा चिखल तुमच्या पँटला पुसतो आणि वर ‘हा मेणवलीचा आहे हं’ असं सांगतो, प्रसाद वाटल्यासारखं. सायकल लांबून रेसची वाटते, हँडल तसंच खाली वळलेलं. टायर मात्र जाड, चांगले ४०-४५ मिलिमीटरचे. तिची किंमत विचारू नका. विचारलीत तर बायकोला सांगितलेली सांगेल.

आमच्या वाट्याला आलेल्या नमुन्याचं नाव मुरूमशेठ. हे बारसं माझं नाही, धोमच्या रस्त्यावरच्या एका चहावाल्याचं आहे. समोर चांगला डांबरी रस्ता असताना हा गृहस्थ शेजारच्या मुरमातून येतो, हे त्यानं काही रविवार पाहिलं आणि एकदा आतल्या पोराला ओरडून सांगितलं, “मुरूमशेठ आलं रं, बिनसाखरेचा टाक!” तेव्हापासून तेच नाव.

मुरूमशेठला या जगात एकाच गोष्टीत गोडी आहे, ती म्हणजे टायरमधली हवा. डांबरावर पळणाऱ्या बारीक चाकात ८०-९० पीएसआय भरतात. खडीवर तीस-पस्तीसच्या आसपास ठेवायची. चाक मग दगडावरून उडत नाही, त्याला गोंजारत पुढे जातं. झालं, संपलं. हे दोन मिनिटांचं ज्ञान तो रविवारभर पुरवतो. डनलपनं पोराच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं, इथं कीर्तनाला उभा राहतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे, तिथं २००६ पासून खडीच्या रस्त्यावर दोनशे मैलांची शर्यत होते, त्या शर्यतीत कोण किती हवा भरतं, इथं आरतीला येतो. मध्ये दोन चहा होतात. ते आपण पाजायचे.

हवा मोजायला त्याच्याकडे आकडे दाखवणारं गेज आहे, पण श्रद्धा अंगठ्यावर. अंगठा दाबायचा, डोळे मिटायचे, आकडा बोलायचा, मग गेज लावून स्वतःलाच शाबासकी द्यायची. हे टायरपुरतं राहिलं असतं तर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. तो मंडईत वांगी दाबतो आणि भाजीवालीच्या शिव्या खातो. आमच्या सोफ्याला त्यानं ‘अठरा’ दिले. शेजारच्यांच्या तान्ह्या बाळाच्या गालाकडे अंगठा वळला तेव्हा बाळाच्या आजीनं पाळणाच आत नेला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की ब्लडप्रेशर १५० आहे, जरा जास्त होतंय. हा विचारतो, “रस्ता कुठला धरून म्हणताय?”

वाईला आमचं जुनं घर आहे आणि अंगणात मोटार उभी राहते, हे त्याला कळलं आणि आमची मैत्री घट्ट झाली. पहाटे पुण्याहून निघायचं, खंबाटकी चढून उतरायचं, मोटारीच्या पाठीवरून सायकल काढायची, काकूच्या हातचं खायचं आणि नदीकडेनं सुटायचं, असा क्रम. पहिल्याच खेपेला काकूनं पुऱ्या तळल्या होत्या. टम्म फुगलेली पुरी ताटात पडली मात्र, मुरूमशेठचा अंगठा तिच्यावर. फस्स. बोट भाजलं. बोट चोखत म्हणाला, “वीस असेल. ट्यूबलेस नाहीये.”

काकू कढईशी होती. तिथूनच म्हणाली, “अहो, खायची असते ती. चालवायची नसते.”

वाईचं खोरं तसं मवाळ. दक्षिणेला पाचगणीचं पठार, उत्तरेला पांडवगड, मधून कृष्णा आरामात चाललेली. वर महाबळेश्वरला उगम पावलेली नदी इथवर येईतो शहाणी होते. काठानं ऊस आणि हळद. धोम धरणाचे कालवे निघाल्यापासून त्यांच्या भरावावरून जाणारे कच्चे रस्ते झालेत, शेतातून पाणंदी आहेतच. चढ फार नाही, रहदारी म्हणाल तर म्हशी. सायकलीला याहून बरी जागा कुठली?

पण मुरूमशेठ खोरं पाहतच नाही. ढोल्या गणपतीला बाहेरूनच नमस्कार, तोही एका हातानं, दुसरा ब्रेकवर. विश्वकोशाच्या कचेरीवरून जाताना त्याला एकच शंका येते, एवढ्या खंडांत टायरच्या दाबावर किती पानं असतील? मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, घाट आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली त्यानंतर तिथून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. ‘स्वदेस’चं शूटिंग इथं झालं म्हणून लोक लांबून येऊन पायऱ्यांवर फोटो काढतात. हा त्या पायऱ्यांवर उभा राहून मला म्हणाला, “इथून सायकल उतरवायची तर पुढच्या चाकात दोन पीएसआय कमी करावी लागेल.” नाना फडणवीस हयात असते तर त्यांनी याला मुत्सद्देगिरीनं पुण्याला परत पाठवला असता.

वाटेत जो भेटेल त्याला तो हवा विचारतो. दूध घालणाऱ्याला, शाळेच्या पोरांना, ऊस भरलेल्या टायरगाडीवाल्यालाही. एका ट्रॅक्टरवाल्याला त्यानं हवा कमी ठेवण्याचं शास्त्र समजावलं. तो माणूस तंबाखू मळत शेवटपर्यंत ऐकून घेता झाला आणि म्हणाला, “आमी शेतात बारा-चौदाच ठेवतो की, न्हाईतर चाक रुततंय. रस्त्याला ट्रॉली जोडली की वाढवायची. न्हाईतर चाक रुततंय. ह्येच सांगायला पुन्यास्नं आलाय व्हय?”

मुरूमशेठला गुरू भेटला तो मात्र फाल्गुनात, नदीपलीकडच्या एका हळदीच्या शेतात. आता पुष्कळ ठिकाणी वाफेचे कुकर आलेत, इथं अजून काहील होती. गड्डे पाण्यात बुडालेले, वर हळदीचाच पाला आणि ओली पोती. कडेनं फेस येत होता आणि पांढरी वाफ उठत होती, नाकात झोंबणारी, कच्च्या मातीचा वास असलेली. काहिलीजवळ बसलेल्या म्हाताऱ्या आबांनी पोतं सारून काठीनं एक हळकुंड बाहेर घेतलं. चिमटीत धरलं. अंगठ्यानं दाबलं.

मुरूमशेठ सायकल टाकून धावला.

“अजून न्हाई,” आबा म्हणाले.

“मी बघू?” त्यानं हळकुंड घेतलं, हाश्श-हुश्श करत दाबलं, डोळे मिटले. “झालीय.”

“न्हाई झाली.”

पुन्हा काही वेळानं हळकुंड बाहेर, पुन्हा आबांचा अंगठा. “आता झाली,” आबा म्हणाले आणि जाळ ओढला. मुरूमशेठनं तेही दाबलं, आधीचंही दाबलं. त्याला दोन्हींत काही फरक लागेना. गेज लावायची सोय नव्हती. दिवस मावळेपर्यंत तो तिथंच उकिडवा बसून एकेक हळकुंड दाबत राहिला आणि एम्पोरियाचं नाव त्यानं काढलं नाही. घरी आला तेव्हा अंगठा पिवळाजर्द. काकूनं विचारलं, “कुठं ठरलं?”

त्यानंतर तो दर खेपेला आबांच्या वस्तीवर जायला लागला. वस्ती आणि मोठा रस्ता यांच्यामध्ये एक पाणंद होती, दगड, मुरूम आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांची. त्याच्या मते महाराष्ट्रातला सर्वोत्तम सायकलरस्ता. “आबा, असा रस्ता कॅन्ससमध्येसुद्धा सापडणार नाही!”

“मग न्या की उचलून तिकडं,” आबा म्हणाले.

पावसाळ्यात त्या पाणंदीतून दूध डोक्यावरून बाहेर काढावं लागे. बाळंतपणाला निघालेल्या एका बाईला चौघांनी खाटेवरून मोठ्या रस्त्याला आणलं होतं. अर्ज झाले होते, ठराव झाले होते, फायलीत जाऊन बसले होते. हे सगळं मुरूमशेठनं काहिलीशेजारी ऐकलं. काही बोलला नाही, म्हणजे त्यातल्या त्यात कमी बोलला. आम्ही वाईकर पुण्यात बसून गावाकडच्या रस्त्यांविषयी फार हळहळतो, लग्नाकार्यात तर विशेष. कागद मात्र या चिखल्यानं केला. सायकलीवरच्या यंत्रात पाणंदीची सगळी नोंद त्याच्याकडे होतीच. दर शंभर मीटरला फोटो, खड्ड्याची खोली, चढ-उतार, पाणी कुठं साचतं, कुठली मोरी फुटली आहे, अँब्युलन्सचं चाक कुठं अडेल. आबांच्या नातवानं ते ग्रामसभेच्या ठरावाला जोडलं. शेवटच्या रकान्याचं काय करायचं हे कोणालाच कळलं नाही, म्हणून तो तसाच राहू दिला. त्या रकान्याचं नाव होतं ‘सुचवलेला टायर-दाब’.

रस्ता झाला. याच्या कागदामुळे झाला असं मी म्हणणार नाही, निवडणूकही जवळ आली होती. पण झाला. खडीकरण झालं, रोलर फिरला, वर डांबर पडलं. मुरूमशेठ बघायला गेला, मी मोटारीतून मागे. वस्तीच्या तोंडाशी तो उतरला, बॅगेतला पंप काढला आणि गुपचूप दोन्ही चाकांत हवा भरायला लागला. साठपर्यंत भरली. इतकी हवा त्यानं त्या सायकलीत कधी भरली नव्हती. खाटेवर बसलेल्या आबांनी मान लांब करून पाहिलं, उठून आले, वाकले आणि टायर अंगठ्यानं दाबला.

“आता झाली,” ते म्हणाले.

मुरूमशेठनं गेज लावलं नाही.

त्या रस्त्यावरून आता दुधाची गाडी दोन्ही वेळेला थेट वस्तीवर जाते. मुरूमशेठ आबांना भेटायला जातो, पण सायकल चालवायला त्याला तिथं काही उरलेलं नाही, आणि डांबरावरचा मुरूमशेठ हे फार केविलवाणं दृश्य असतं. रस्त्याविषयी मात्र त्याच्या तोंडून कुरकुरीचा शब्द मी ऐकलेला नाही. हवेविषयीच बोलतो, तेही पूर्वीइतकंच, आणि तेवढंच असह्य.

तेव्हा विनंती अशी, की तुमच्या गावाला एखादा कच्चा रस्ता असेल, त्यासाठी अर्ज करून करून तुम्ही दमला असाल, तर कळवा. मी मुरूमशेठला पाठवून देतो. पैसे घेणार नाही, कागद चोख करून देईल. दोन वेळा जेवायला घाला, हवेबद्दल बोलायला लागला की माना डोलवा. पुऱ्या मात्र करू नका.